धनुष्यासाठी लेझर रेंजफाइंडर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे पेन्सिल्व्हेनियात ऑक्टोबर लागला की धनुष्याने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्याच्या आधीचे दोन-तीन महिने क्लबच्या रेंजवर नवख्यांची गर्दी असते आणि त्यांचे बरेच प्रश्न रेंजफाइंडरबद्दलचे, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या हातातल्या यंत्राबद्दलचे असतात. हल्ली साताऱ्या-पुण्याकडूनही विचारणा होते. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये विश्वविजेते झाले आणि तिकडे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याबद्दलची उत्सुकता वाढली. रानातला शिकारी आणि मैदानावरचा खेळाडू यांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी यंत्र एकच, म्हणून उत्तरं एकत्र लिहितो आहे. शिकारीबद्दल जे आहे ते अमेरिकेपुरतं समजावं. भारतातल्या कायद्याचं उत्तर खाली स्वतंत्र दिलं आहे.

रेंजफाइंडर लागतोच का? नजरेचा अंदाज पुरत नाही का?

20 यार्डांच्या (एक यार्ड म्हणजे साधारण 0.91 मीटर) आत बहुतेकांना पुरतो. त्यापुढे नाही, आणि याचं कारण साध्या हिशोबात आहे.

कंपाउंडमधून सेकंदाला 280 फूट, म्हणजे साधारण 85 मीटर वेगाने सुटलेला बाण 40 यार्ड जायला 0.43 सेकंद घेतो. तेवढ्या वेळात तो सुटलेल्या सरळ रेषेपासून सुमारे 90 सेंटीमीटर खाली येतो. साइट म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, आणि तिच्यात ठरावीक अंतरासाठी लावलेल्या खुणा म्हणजे पिन; 40 ची पिन हा फरक भरून काढते. आता समजा हरीण 45 यार्डांवर आहे आणि तुम्ही ते 40 वर धरलंत. बाण नेमापेक्षा साधारण 12 सेंटीमीटर खाली लागेल. 20 ऐवजी 25 असेल तर चूक 7 सेंटीमीटरची होते, 60 ऐवजी 65 असेल तर 18 ची. हवेचा रोध धरला तर प्रत्यक्षात थोडी जास्तच. व्हाइटटेल हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जेमतेम 20 ते 25 सेंटीमीटरचं वर्तुळ भरतं. मध्यावर नेम धरून 12 सेंटीमीटर खाली गेलेला बाण त्या वर्तुळाच्या काठावर किंवा बाहेर लागतो. असं जनावर लगेच मरत नाही. ते पळतं, झुडपात शिरतं आणि तासन्‌तास तडफडतं. हे टाळण्यासाठीच हे यंत्र घ्यायचं.

रानात पाच यार्डांची चूक करणं फार सोपं आहे. मधे घळ असेल आणि तिचा तळ दिसत नसेल, तर पलीकडचं जनावर आहे त्यापेक्षा जवळ वाटतं. संधिप्रकाशात तेच लांब वाटतं. मोकळ्या मैदानावर तयार झालेली नजर दाट झाडीत फसते.

रिकर्व्ह किंवा लाँगबो, म्हणजे चाकं नसलेली साधी धनुष्यं वापरणाऱ्यांना अंतराची चूक आणखी महागात पडते. सेकंदाला 55 मीटरच्या बाणाला तीच चूक कंपाउंडच्या दुपटीहून जास्त भोवते.

हे यंत्र मोजतं कसं?

बटण दाबलं की यंत्र डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे बारीक बारीक ठोके पाठवतं. बहुतेक यंत्रांत हा प्रकाश 905 नॅनोमीटरचा असतो. समोरच्या वस्तूवर आपटून तो परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. 40 मीटरवरून परत यायला प्रकाशाला सुमारे 267 नॅनोसेकंद लागतात आणि एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतरात 15 सेंटीमीटरचा फरक पडतो. एका ठोक्यावर विसंबता येत नाही, म्हणून यंत्र पुष्कळ ठोके पाठवून त्यातून एक आकडा काढतं. हात हलत असेल तर यातले काही ठोके हरणावर आणि काही मागच्या झाडावर पडतात. आकडा उड्या मारतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

खोक्यावर 1000 यार्ड लिहिलेला घ्यावा की 2000 वाला?

धनुष्यासाठी हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. तो चकचकीत, प्रकाश परत फेकणाऱ्या पृष्ठभागासाठीचा असतो. झाडासाठी तो बराच कमी होतो आणि हरणासाठी आणखी कमी. चांगल्या कंपन्या हे तीन आकडे वेगळे देतात. तरीही ज्याचा बाण 40 यार्डांवर थांबायचा आहे त्याला हरणाचा 500 चा आकडा काय करायचा?

आपल्याला हवा तो आकडा सहसा बारीक अक्षरात छापलेला असतो: कमीत कमी किती अंतर मोजता येतं. काही यंत्रं 5 यार्डांपासून मोजतात, काही 10 पासून. मचाणावरून शिकार करणाऱ्याला 8-9 यार्डांवरचं जनावर नवं नाही. शिवाय लांबच्या पल्ल्यासाठी बनवलेलं यंत्र कधी कधी जवळच्या फांदीकडे दुर्लक्ष करायला शिकवलेलं असतं, आणि आपल्याला नेमकं जवळचंच मोजायचं असतं.

भरवशाचा रेंजफाइंडर ओळखायचा कसा?

माझ्या मते या सगळ्या पानावर हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. भरवशाचा म्हणजे त्याच ठिकाणावरून तीच वस्तू पुन्हा पुन्हा मोजली तर तोच आकडा देणारा, आणि तो आकडा टेपाशी जुळणारा. कंपनीचं नाव मोठं असलं तरी हे तपासून घ्यावं, आणि दुकान परत घेण्याची मुदत देतं तेवढ्यात तपासावं.

50 मीटरचा टेप घ्या. सपाट जागी 10, 20, 30 आणि 40 यार्डांवर खुणा करा. मोजायची वस्तू म्हणून पांढरा पुठ्ठा ठेवू नका, पांढऱ्यावर सगळीच यंत्रं शहाणी असतात. काळ्या फोमचं टार्गेट, ओली साल असलेलं खोड किंवा तपकिरी लोकरी कापड ठेवा. प्रत्येक खुणेवरून बटण सुटं सुटं दहा वेळा दाबा आणि आकडे कागदावर लिहा. दहाही आकडे अर्ध्या यार्डाच्या आत राहिले तर उत्तम, एका यार्डात राहिले तरी शिकारीला चालेल, कारण 40 यार्डांवर एका यार्डाने बाण दोन-अडीच सेंटीमीटरच हलतो. नऊ आकडे 30 आणि एक 36 आला, तर ते यंत्र परत करा. नेहमी एका यार्डाने कमी दाखवणारं यंत्र परवडलं, कारण साइट त्याच यंत्राच्या आकड्यांवर लावली की तो फरक आपोआप भरून निघतो. अधूनमधून खोटं बोलणाऱ्या यंत्राला असा उपाय नाही.

दुसरी तपासणी फार थोडे लोक करतात. आत दिसणारी खूण आणि प्रत्यक्ष लेझर एकाच जागी पडतात का, ते पाहायचं. मागे मोकळं आकाश असेल असा विजेचा खांब किंवा झेंड्याची काठी शोधा. सतत मोजण्याची सोय, म्हणजे स्कॅन, चालू करून खूण डावीकडून हळूहळू खांबाकडे न्या आणि आकडा कुठे उमटतो ते लक्षात ठेवा. मग तेच उजवीकडून आणि आडव्या दांडीवर वरून-खालून करा. खांब खुणेच्या डाव्या टोकाशी असताना आकडा उमटला आणि मध्यावर आल्यावर गेला, तर लेझर खुणेपासून डावीकडे पडतो आहे. थोडा सरकलेला असेल तर हरकत नाही, कुठे सरकलाय हे माहीत असलं म्हणजे पुरे. एक मिलिरेडियन पसरणारा किरण 100 मीटरवर 10 सेंटीमीटर रुंद होतो, म्हणजे 40 मीटरवर तो 4 सेंटीमीटरचाच. एवढा बारीक किरण हरणावर नेमका टाकायचा तर तो कुठे पडतो हे ठाऊक हवंच.

तिसरी तपासणी उजेड गेल्यावर करायची. तिच्याबद्दल डिस्प्लेच्या प्रश्नात लिहिलं आहे.

कोनाची भरपाई म्हणजे काय? त्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

बाणावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आडव्या अंतराप्रमाणे होतो, तिरक्या अंतराप्रमाणे नाही. उतारावरून खाली किंवा चढावर वर मारताना डोळ्याच्या रेषेतलं अंतर 40 यार्ड असलं तरी नेम कमी अंतराचा धरावा लागतो. तिरकं अंतर गुणिले कोनाचा कोसाइन, एवढंच गणित. 10 अंशांना 40 चे 39.4 होतात, 20 अंशांना 37.6, 30 अंशांना 34.6 आणि 45 अंशांना 28.3. तीस अंशांच्या उतारावर 40 ची पिन धरली तर बाण साधारण बारा सेंटीमीटर वर जातो.

हे गणित यंत्र आतल्या आत करून देतं. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं नाव दिलं आहे: व्होर्टेक्सचं एचसीडी, बुशनेलचं एआरसी, ल्युपोल्डचं टीबीआर, सिग साउअरचं एएमआर. ल्युपोल्ड आणि बुशनेलच्या यंत्रांत बंदूक आणि धनुष्य अशा वेगळ्या सेटिंग असू शकतात. दुकानातून आणल्यावर पहिल्यांदा ती धनुष्यावर आणून ठेवा.

पैसे मोजावेत का, हे तुम्ही कुठे शिकार करता यावर आहे. सपाट जंगलात 20 फूट उंचीच्या मचाणावर बसलेल्या माणसाला 20 यार्डांवर यंत्र 18.9 दाखवेल आणि 30 यार्डांवर 29.3. हा फरक साइटवर दिसतसुद्धा नाही. जाहिरातीत मचाणाचं चित्र दाखवून ही सोय विकतात, पण तिचा खरा उपयोग डोंगरात आहे. कोलोरॅडो किंवा आयडाहोमध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या मागे तीव्र उतारांवर फिरणाऱ्याने कोनाच्या भरपाईशिवाय यंत्र घेऊ नये. अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या खड्या कड्याखाली मचाण बांधणाऱ्यालाही ती लागते, कारण तिथे मचाणाची उंची आणि उतार मिळून कोन मोठा होतो.

आकडा बरोबर मिळाला तरी शरीराची ठेवण बिघडली तर बाण चुकतोच. खाली मारताना हात खाली नेऊ नका. आधी सरळ समोर धनुष्य ताणा, मग कमरेतून वाका. मचाणाचा सराव घराच्या गच्चीवरून किंवा क्लबच्या मनोऱ्यावरून करावा, सुरक्षेचा पट्टा बांधून.

गोल्फचा रेंजफाइंडर स्वस्तात मिळतोय. चालेल?

अंतर मोजायला चालेल, पण त्यातली स्लोप ही सोय बंद करून. हा मुद्दा नीट समजून घ्या. गोल्फचं यंत्र चेंडू कुठे पडेल याचा हिशोब करतं, त्यामुळे चढावर ते अंतर वाढवून सांगतं आणि उतारावर कमी करून. धनुष्याला मात्र चढ असो की उतार, दोन्हीकडे कमीच अंतर धरायचं असतं. वरच्या कड्यावरचं लक्ष्य 40 यार्डांवर असताना गोल्फचं यंत्र त्याहून मोठा आकडा सांगेल, आणि हवा असतो 36 किंवा 37. म्हणजे चूक उलट दिशेने वाढते. भारतात सहज मिळणारी बहुतेक यंत्रं गोल्फचीच असतात, म्हणून तिकडच्या मित्रांना हे आवर्जून सांगतो.

गोल्फच्या मैदानावरचा झेंडा लेझरने पकडला की थरथरणारं यंत्र असेल तर तेही शिकारीत बंद ठेवा. शांत रानात ती घरघर ऐकू जाते.

बांधकामवाल्यांचं लेझर मीटर किंवा मोबाइलचं अ‍ॅप?

अ‍ॅप विसरा. ते वस्तूची उंची गृहीत धरून गणित करतं आणि हरणं एका मापाची नसतात.

लाल ठिपक्याचं लेझर मीटर रानात उपयोगाचं नाही, उन्हात ठिपका दिसत नाही आणि जनावरावर दिसणारा प्रकाश टाकणं बरोबरही नाही. मैदानावर मात्र ते रेंजफाइंडरपेक्षा सरस आहे. स्पर्धेच्या नियमांत 30 आणि 50 मीटरच्या रेषेला 15 सेंटीमीटरची सूट असते, 70 मीटरला 30 ची. अर्ध्या यार्डाने, म्हणजे 45 सेंटीमीटरने इकडेतिकडे होणाऱ्या रेंजफाइंडरने ती रेषा आखता येणार नाही. लेझर मीटर मिलिमीटरमध्ये मोजतं. इंडियन राउंड या भारतातल्या स्पर्धाप्रकाराची 30 आणि 50 मीटरची टार्गेटं लावणाऱ्या शाळांनी एक घेऊन ठेवावं, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी वापरावं. नाहीतर चांगला स्टीलचा टेप आहेच.

काळ्या आकड्यांचा डिस्प्ले घ्यावा की लाल?

शिकारीसाठी लाल, आणि इथे काटकसर करू नये. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासाने सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. हरणं नेमकी त्याच दोन अर्ध्या तासांत फिरतात. काळे एलसीडी आकडे तेव्हा गडद झाडीवर वाचताच येत नाहीत. आकडा स्क्रीनवर असतो, डोळ्याला दिसत नाही आणि हरीण चालत राहतं. शिवाय एलसीडीमुळे काचेतून येणारा उजेडही थोडा कमी होतो.

लाल डिस्प्लेची उजळी कमी-जास्त करता येते का ते बघा. फार उजळ लाल आकडा अंधारात डोळे दिपवतो आणि मग समोरचं काहीच दिसत नाही. भर दुपारी बर्फावर फिकट लाल आकडा हरवतो. दोन्ही टोकांना चालेल असं यंत्र हवं. दुकानाच्या दिव्यांखाली यातलं काहीच कळत नाही. संध्याकाळी घरामागे जाऊन, काळोख पडेपर्यंत दर पाच मिनिटांनी एकाच झाडाचं अंतर मोजा. जेव्हा आकडा वाचता येत नाही ती वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आधीची असेल, तर यंत्र नापास.

किती पटीचं भिंग लागतं?

4 ते 6 पट. जास्त पटीने हात जास्त हलतो आणि जवळचं हरीण शोधायला वेळ जातो. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले पट करा: 21 मिलिमीटर भागिले 6 म्हणजे 3.5 आणि भागिले 4 म्हणजे सव्वापाच. हा आकडा मोठा तितकं अंधुक उजेडात जास्त दिसतं.

मधे फांद्या असल्या तर कोणतं अंतर दाखवतो?

ते सेटिंगवर आहे. एका सेटिंगमध्ये यंत्र सर्वात जवळच्या वस्तूचं अंतर देतं, दुसऱ्यात सर्वात लांबच्या. हरीण काटक्यांच्या मागे उभं असेल तर लांबचं सेटिंग उपयोगी पडतं. पण त्याच सेटिंगमध्ये हरणाच्या पाठीमागची टेकडीही मोजली जाऊ शकते, म्हणून आकडा विश्वासाच्या आवाक्यातला आहे का हे डोक्याने ताडून पाहावं लागतं. मी नवख्यांना जवळचं सेटिंग ठेवायला सांगतो. त्यात 12 यार्डांचा आकडा आला की मधे फांदी आहे हे कळतं, आणि जिथे लेझरला फांदी लागते तिथे बाणालाही लागण्याची भीती असते.

याच्याही पुढची एक अडचण आहे. बाण कमानीत जातो. लेझरच्या सरळ रेषेत फांदी नसली तरी वरच्या फांदीला बाण घासू शकतो. ल्युपोल्डच्या फुलड्रॉ मालिकेतल्या काही यंत्रांत बाणाचं वजन, वेग आणि डोळ्यापासून बाणाचं अंतर भरलं की कमानीचा सर्वात उंच भाग कुठे जाईल ते दिसतं. दाट झाडीत ही सोय कामाची आहे. ती नसेल तर 40 यार्डांवरच्या लक्ष्यावर 40 ची पिन धरून, 20 ची पिन 20 यार्डांवरच्या फांदीवर पडते का ते नजरेने तपासायची सवय लावावी.

धनुष्यावरच बसणारा रेंजफाइंडर घ्यावा का?

गार्मिनने 2018 मध्ये झेरो ए1 ही साइट आणली. धनुष्य ताणलेलं असतानाच ती अंतर मोजते आणि त्या अंतरासाठी पिन उजळते. यंत्र म्हणून ते सुंदर आहे. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, तुमच्या राज्याचा कायदा. कोलोरॅडोसारख्या काही राज्यांत धनुष्यावर बॅटरीचं उपकरण लावायला मनाई आहे, उजळणाऱ्या नॉकसारखा (नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच) अपवाद सोडून. दरवर्षी निघणारी त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचा, मित्राने सांगितलेलं धरून चालू नका. दोन, धनुष्याने केलेल्या शिकारीच्या नोंदी 1961 पासून ठेवणारा पोप अँड यंग क्लब अशा साइटने केलेली शिकार नोंदीसाठी धरत नाही. हातात धरायच्या रेंजफाइंडरला त्यांची हरकत नाही.

मला स्वतःला हातातलंच यंत्र पसंत आहे. अंतर मोजण्याचं काम धनुष्य उचलण्याआधी उरकलेलं असावं, असं मी मानतो.

मग ते नेमकं कधी वापरायचं? हरीण दिसल्यावर?

हरीण येण्याच्या आधी. मचाणावर बसलात की पहिलं काम म्हणजे भोवतालची झाडं, दगड, पडलेली खोडं मोजून ठेवणं. पायवाटेवरचा ओक 22, घळीच्या तोंडाशी असलेला खडक 31, कुंपणाचा वाकलेला खांब 38, असं चार-पाच खुणांचं वर्तुळ मनात पक्कं करा. झाडं मोजताना त्यांच्या बुंध्यावर नाही, तुमच्या डोळ्याच्या उंचीवर मोजलंत तर आडवं अंतर आपोआप मिळतं आणि कोनाचा प्रश्नच उरत नाही.

हरीण 25 यार्डांवर आलं असताना यंत्र डोळ्याला लावणं म्हणजे एक मोठी जास्तीची हालचाल. व्हाइटटेल ती टिपतं. आधी मोजून ठेवलेलं असेल तर ते ओकपाशी आलं की 22, एवढं मनात येतं आणि दोन्ही हात धनुष्यासाठी मोकळे राहतात. जमिनीवरच्या लपणात बसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: खिडकीची जाळी लेझर अडवते. मोजताना मोकळ्या फटीतून मोजा.

यंत्र छातीवर किंवा मनगटाला दोरीने बांधलेलं असू द्या. मचाणावरून खाली पडलेलं यंत्र त्या दिवसापुरतं तरी गेलंच.

अंतर बिनचूक कळलं तर 60-70 यार्डांवर मारायला हरकत काय?

हरकत आहे, आणि मोठी आहे. रेंजफाइंडर त्या क्षणीचं अंतर सांगतो. बाण पोचेल त्या क्षणी जनावर कुठे असेल हे तो सांगत नाही. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, बाण 85. 40 यार्डांवरच्या हरणाला दोरीचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागात ऐकू येतो आणि बाण त्यानंतर सेकंदाच्या तिसऱ्या भागाने पोचतो. दचकलेलं व्हाइटटेल पळण्यासाठी आधी खाली दबतं आणि तेवढ्या वेळात बाण त्याच्या पाठीवरून जातो किंवा मणक्यापाशी लागतो. 60 यार्डांवर त्याला आणखी वेळ मिळतो. टार्गेटवर 60 यार्डांना सहाही बाण मुठीएवढ्या जागेत बसवणारे नेमबाज मी पाहतो, आणि त्यांनाही हरणावर तेवढ्या लांबून मारू नका असंच सांगतो.

यंत्राचा सर्वात चांगला उपयोग बाण न सोडण्यासाठी होतो. स्वतःची मर्यादा आधी ठरवा, समजा 30, आणि 34 चा आकडा दिसला की धनुष्य खाली ठेवा.

स्पर्धेत रेंजफाइंडर चालतो का?

ऑलिंपिक पद्धतीच्या मैदानी स्पर्धेत त्याची गरजच नाही: रिकर्व्हला 70 मीटर, कंपाउंडला 50, इनडोअरला 18, सगळं ठरलेलं. वर्ल्ड आर्चरी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या फील्ड आणि थ्रीडी या रानात-डोंगरात खेळल्या जाणाऱ्या प्रकारांत अंतर मोजणारं कोणतंही उपकरण चालत नाही. फील्डमध्ये 24 लक्ष्यं असतात, प्रत्येकावर 3 बाण, आणि एका फेरीत अंतर सांगितलेलं नसतं. थ्रीडीमध्ये रबरी फोमची जनावरं असतात, कंपाउंडला 45 मीटरपर्यंत आणि इतर धनुष्यांना 30 पर्यंत. तिथे अंतर ओळखणं हाच खेळाचा अर्धा भाग आहे. अमेरिकेतल्या काही थ्रीडी स्पर्धांत ज्ञात अंतराचे वेगळे गट असतात आणि त्यात रेंजफाइंडर चालतो. नाव नोंदवताना गट नीट पाहून घ्या.

सरावात मात्र फील्ड खेळणाऱ्याला याच्याइतका चांगला शिक्षक नाही. टेकडीवर फिरायला जा, एखादं झुडूप निवडा, अंदाज मोठ्याने बोला आणि मगच मोजा. आधी मोजून मग 'मला तेवढंच वाटलं होतं' म्हणण्यात काही अर्थ नाही. सह्याद्रीत चढ-उतार, उघडे माळ आणि दाट राई एकाच सकाळी मिळतात. अंदाजाची चूक कुठे वाढते ते अशा फिरण्यातून फार लवकर समजतं.

भारतात धनुष्याने शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरांबाबतचे निर्णय वनखात्याच्या अधिकारातले आहेत, छंद म्हणून धनुष्य घेऊन जायची त्यात सोय नाही. शेतात रानडुक्कर येतं म्हणून कुणी तसा सल्ला देत असेल तर ऐकू नका. भारतात रेंजफाइंडर घ्यायचा तो फील्ड-थ्रीडीच्या सरावासाठी.

थंडी, धुकं, पाऊस, काच?

धुक्यात, पावसात आणि बर्फ पडत असताना लेझर थेंबांवरून परततो आणि 7-8 यार्डांचा खोटा आकडा येतो. काही यंत्रांत पावसाचं सेटिंग असतं, त्याने फरक पडतो, पण दाट धुक्यात काही चालत नाही. तेव्हा आधी मोजलेल्या खुणाच उपयोगी. गाडीच्या किंवा खोलीच्या काचेतून मोजू नका. सूर्याकडे यंत्र कधीही रोखू नका, डोळा जाईल. यंत्राचा स्वतःचा लेझर बहुधा क्लास 1 चा, म्हणजे डोळ्यांना सुरक्षित असतो. खरेदी करताना पट्टीवर ते लिहिलेलं आहे याची खात्री करा.

बऱ्याच यंत्रांना सीआर2 ही 3 व्होल्टची लिथियम बॅटरी लागते. घड्याळाच्या दुकानात मिळणारी चपटी सीआर2032 वेगळी, ती बसत नाही. सीआर2 भारतात लहान गावांत मिळणं कठीण, म्हणून दोन जास्तीच्या ठेवा. विमानातून नेताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवायच्या असतात. कडक थंडीत यंत्र जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलं तर बॅटरी दगा देत नाही.

किती खर्च करावा? आणि भारतात कुठून घ्यावा?

अमेरिकेत धनुष्यापुरतं चांगलं काम करणारं यंत्र साधारण दीडशे ते तीनशे डॉलरमध्ये मिळतं. त्याहून खाली बहुधा लाल डिस्प्ले जातो, त्याहून वर मिळणारी बरीचशी भर लांब पल्ल्याच्या बंदुकीसाठी असते. पैसे ज्या क्रमाने वाटावेत तो असा: आधी अंधारात वाचता येणारा डिस्प्ले, मग जवळच्या अंतरावरची स्थिरता, मग डोंगरात फिरत असाल तर कोनाची भरपाई. दुर्बीण आणि रेंजफाइंडर एकत्र असलेली यंत्रं फार महाग असतात. मोकळ्या डोंगरात दिवसभर दुर्बीण लावून बसणाऱ्यालाच ती परवडतात. सेकंड हँड घ्यायला हरकत नाही, टेपाची आणि खांबाची तपासणी करून दिली तर.

भारतात मागवताना किमतीत आयात शुल्क धरा, आणि परदेशातून आणलेल्या यंत्राची वॉरंटी भारतात लागू आहे का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. बिघडलेलं यंत्र दुरुस्तीसाठी परत अमेरिकेत पाठवायचं झालं तर येण्याजाण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. यार्ड आणि मीटर दोन्ही दाखवणारं यंत्र घ्या आणि तिकडे मीटरवर लावा, कारण साइटच्या खुणाही मीटरमध्येच असणार. शक्य असेल तर चार-पाच जणांच्या गटाने मिळून एक चांगलं घ्यावं. सरावाला तेवढं पुरतं.